जाळ पाहिजे, धूर नको

मिक्सर, पंप, गीझर, शेगडी यांच्या तक्रारींना या पानावर उत्तरं देऊन आता बरीच वर्षं झाली. पण गॅसवरच्या बार्बेक्यूबद्दल एकाच महिन्यात सात पत्रं यावीत, हे पहिल्यांदाच. कारण उघड आहे. आखाडात गच्चीवर एक पार्टी झाली, मग श्रावण लागला, गणपती-नवरात्र गेलं आणि दसऱ्यानंतर ताडपत्री काढून बघतात तर आत दुसराच कुणी संसार मांडून बसलेला. शिरोलीच्या फाउंड्रीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढल्यामुळं बीड, बर्नर आणि गॅस या तिघांशी माझी जुनी ओळख आहे. मटण भाजायला मात्र आमच्या घरात मला कुणी उभं करत नाही, तेव्हा मसाल्याचं मला विचारू नका.

काका, नमस्कार. आमच्या गच्चीवर तीन बर्नरचा गॅस ग्रिल आहे. जूनमध्ये झाकून ठेवला होता. परवा पेटवला तर मधल्या बर्नरचा जाळ पिवळा, डावा निम्म्यापर्यंतच पेटतो, आणि पनीरवर काजळी बसली. मुलगा म्हणतो, सिलिंडरच खराब आलाय. मी तर बाहेरून सगळं साबणानं चकाचक केलंय. चुकतंय कुठं?
– एक वाचक, आर. के. नगर

दादा, तुम्ही जे चकाचक केलंत तिथं काही बिघडलेलंच नव्हतं. झाकण हा ग्रिलचा फेटा झाला. पोट खाली आहे. आणि सिलिंडरला उगीच बोल लावू नका. तसलाच गॅस तुमच्या स्वयंपाकघरात निळा जळतोय ना?

बर्नर म्हणजे ओळीनं भोकं पाडलेली नळी. तिच्या नॉबकडच्या तोंडाशी पितळेचा जेट असतो आणि तिथंच हवा आत यायला एक खिडकी. जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता खिडकीतून हवा ओढून नेतो. दोन्ही नळीत नीट मिसळले, की जाळ निळा. हवा कमी पडली की गॅसातला कार्बन पुरता जळत नाही. त्याचे तापलेले कण पिवळे दिसतात आणि वर जाऊन पनीरवर बसतात. ‘जाळ आन् धूर संगटच’ हे आपल्या कोल्हापुरात माणसाच्या कौतुकाला ठीक आहे. बर्नरला एकटा जाळ पाहिजे.

आता हवा अडवली कुणी? तीन-चार महिने बंद, कोरडी, अंधारी नळी. कोळ्याला आणि कुंभारणीला यापेक्षा चांगली खोली भर पावसाळ्यात कुठं मिळणार? कुंभारीण म्हणजे चिखलाची घरटी बांधणारी ती बारीक कमरेची माशी. शेजारच्या ग्रिलमधून मागं मी एक घरटं काढलं, करंगळीएवढं. फोडलं तर आत लुळे पडलेले कोळी भरलेले, पिल्लांची शिदोरी! मधल्या बर्नरचं दुखणं बहुतेक हेच असणार. जास्तच बुजलं तर गॅस मागं फिरतो आणि नॉबजवळ, बाहेरच पेटतो. म्हणून पिवळा जाळ दिसल्यावर ‘चालतंय की’ म्हणू नका. डाव्या बर्नरचं वेगळं आहे: तो निम्मा पेटतो म्हणजे पुढची भोकं चरबीनं नाहीतर गंजानं बुजलीत.

सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढा. ग्रिल गार पाहिजे. वरची जाळी काढा, तिच्याखाली उलट्या पन्हळीसारख्या पट्ट्या असतात त्या काढा, मग बर्नर दिसतील. बहुतेक बर्नर मागच्या टोकाला एका स्क्रूवर नाहीतर पिनेवर असतात. ती पिन काढली की नळी मागं सरकवून उचलता येते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. लाज वाटायचं कारण नाही, आम्ही फाउंड्रीत खडूनं खुणा करायचो. नळीत बाटली घासायचा लांब ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवा आणि फरशीवर आपटून बघा काय पडतंय. भोकांवरून जुना दात घासायचा ब्रश आडवा फिरवा. नळीच्या लांबीनं घासला तर एका भोकातली घाण दुसऱ्यात जाते. बुजलेलं भोक बारीक तारेनं मोकळं करा, पण तार भोकापेक्षा बारीक पाहिजे. भोक मोठं झालं की त्या जागी जाळ कायमचा उंच. पितळेच्या जेटमध्ये तर सुई घालूच नका. पितळ मऊ, सुई पोलादाची. जेट रुंदावला की गॅस जास्त येणार आणि पुन्हा तोच पिवळा जाळ. जेटवर नुसती फुंकर मारा.

बर्नर परत बसवताना त्याचं तोंड जेटवर बरोबर चढलंय का, हे वाकून, बॅटरी मारून बघा. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण मी स्वतः एकदा बघितलं नव्हतं. भाच्याचा ग्रिल साफ केला, भोवती सहाजण बघायला उभे, त्यांच्यासमोर ऐटीत नळी आत सारली. ती जेटवर न बसता शेजारी बसली. पेटवल्यावर जाळ बर्नरला नाही, नॉबच्या खालून आला. डाव्या बाजूची मिशी निम्मी गेली. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं. अल्बममध्ये मी सगळीकडं तोंडावर हात ठेवून विचार करताना दिसतो.

मग रेग्युलेटर लावा, नॉब बंद ठेवूनच सिलिंडर उघडा आणि भांड्याच्या साबणाचं दाट पाणी सगळ्या जोडांवर आणि नळीवर लावा. बुडबुडे वाढायला लागले की तिथं गळती. काडी ओढून गळती बघणारे शहाणे मी पाहिलेत, त्यांच्या भुवया पाहिल्या नाहीत. पेटवताना झाकण उघडं पाहिजे. पहिल्या दोन-चार ठिणग्यांत पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. आपला गॅस हवेपेक्षा जड, तो उडून जात नाही; ग्रिलच्या तळाशी आणि कठड्याच्या कोपऱ्यात साचून राहतो.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटून खाण्यावर पडताहेत. दुकानदार म्हणतो रंग नाही, मिस्टर म्हणतात रंगच, आणि विषारी आहे. कोण खरं?
– एक भगिनी, ताराबाई पार्क

दुकानदार खरा. ताई, गॅस ग्रिलच्या झाकणाला आतून सहसा रंग नसतोच. हे पापुद्रे म्हणजे चरबीच्या वाफेचा आणि धुराचा वाळलेला थर. चुलीच्या वरच्या तुळईवर जसं काळं चढत जातं, तसलंच. जाड झालं की तापून-गार होऊन सुटतं. ग्रिल कोमट असताना लाकडी उलथन्यानं खरवडा, मग साबणाच्या पाण्यानं पुसा. पाहुण्यांच्या पुढ्यात पडलं तर मसाला म्हणून खपणार नाही एवढंच.

एक मात्र सांभाळा. खालची पेटी बऱ्याच ग्रिलना ओतीव अॅल्युमिनियमची असते. धुण्याचा सोडा लागला की ती काळी पडते आणि नाला मोकळा करायचा कॉस्टिक सोडा तर तिला खातोच. लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढायची टूमही मला बऱ्याच जणांनी पाठवली. फेस बघायला छान, पण आम्लाला सोडा मारतो आणि सोड्याला आम्ल. उरतं ते जवळजवळ पाणीच. गरम पाणी आणि भांड्याचा साबण पुरे. स्टीलच्या झाकणाला लोखंडी तारेची घासणी लावू नका, तिचे कण अडकून तिथं गंजाचे ठिपके येतात.

काका, आमच्या ह्यांनी ग्रिलची जाळी तारेच्या ब्रशनं घासघासून पांढरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तांबडीलाल. जाळी हलक्या प्रतीची आहे का?
– एक गृहिणी, कसबा बावडा

वहिनी, जाळी चांगली असणार. हातात घेऊन बघा: जड, खरबरीत, करड्या रंगाची असेल तर ती बिडाची. तुमच्या सासूबाईंचा बिडाचा तवा आठवा. तो कधी कुणी पांढरा केला होता का? पांढरं बीड म्हणजे उघडं बीड, त्याला आपल्या हवेत एक रात्र गंजायला पुरते. मिरगापासून नवरात्रापर्यंत तर रात्रही लागत नाही.

बीड जाळानं खराब होत नाही. ते वितळायलाच 1150 अंशांच्या पुढं जावं लागतं आणि तुमचा ग्रिल भरात आला तरी तिनशेच्या आसपास. बिडाचा वैरी पाणी. रात्रभर भिजत घातलं की गंज, आणि तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतलं की तडा. फाउंड्रीत गरम ओतिवावर चुकून पाणी पडलं की ‘टण्ण’ आवाज यायचा, आणि त्या आवाजाला आम्ही सगळेच घाबरायचो, कारण तो पीस भंगारात.

आता काथ्या आणि थोडा साबण घेऊन गंज काढा, लगेच पुसा आणि जाळी मंद जाळावर ठेवून पूर्ण कोरडी करा. कोमट असताना शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल फडक्यानं चोळा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं ते सगळं पुसून टाका. हो, पुसूनच टाका. लावलंच नाही असं वाटलं पाहिजे. मग झाकण लावून अर्धा-पाऊण तास चांगली तापवा. तेलाचा तो बारीक थर तापून घट्ट होतो, वार्निशसारखा बिडाला धरून बसतो. तेल जास्त राहिलं तर घट्ट होत नाही, चिकट होतं आणि त्यावर गच्चीवरची सगळी धूळ बसते. दोन-तीन वेळा केलं की जाळी काळी, गुळगुळीत होईल. ती काळी राहू द्या. ‘ह्यांना’ मी सांगितलंय म्हणून सांगा.

तारेचा ब्रश तर घरातून घालवाच. त्याचे तंतू तुटतात, जाळीला चिकटतात आणि घासाबरोबर पोटात जातात. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं 2012 मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद छापली होती. कुणाच्या घशात तार रुतलेली, कुणाच्या आतड्यात. त्याऐवजी स्वयंपाकाच्या आधी झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं मोठा जाळ ठेवा, चिकटलेलं सगळं कोळसा होतं. मग अर्धा कांदा काट्याला टोचून कापलेल्या बाजूनं जाळीवर फिरवा. कांद्याच्या पाण्याची वाफ होते आणि काळं सुटतं. नाहीतर नारळाचा काथ्या पाण्यात बुडवून, पिळून, चिमट्यात धरून घासा. कोरडा घेऊ नका, पेटेल. माझी स्वतःची आवड म्हणजे कठीण लाकडाची फळी. तिची कड तापल्या जाळीवर दाबून ओढत राहायची; दोन-चार पार्ट्यांत गजांच्या मापाच्या खाचा तिला आपोआप पडतात आणि मग ती दोन गजांच्या मधलंही काढते.

तुमची जाळी काळी चकचकीत असेल तर मात्र तिच्यावर काचेचा मुलामा आहे, एनॅमलच्या जुन्या ताटलीवर असायचा तसा. तिला लोखंड लावू नका. टवका उडाला की खालून गंज सुरू.

मुलानं अमेरिकेहून येताना सामानात ग्रिल पाठवला. त्याचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसत नाही. उद्यमनगरात लेथवर अॅडॅप्टर करून घेऊ का?
– एक निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

सर, उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं हा आपल्या सगळ्यांचा अभिमान आहे. हे एक करून घेऊ नका. गॅसच्या जोडात एका आट्याची चूक म्हणजे काय, हे सांगायला तो लेथवाला तुमच्या गच्चीवर उभा नसतो.

आधी ग्रिलवरची पट्टी वाचा. ‘प्रोपेन’ लिहिलं असेल तर आशा आहे. तिकडचे ग्रिल साधारण 28 मिलिबार दाबावर चालतात, आपला घरगुती रेग्युलेटर 30 च्या आसपास देतो. फरक फार नाही. तेव्हा तिकडचा रेग्युलेटर काढून आपला लावायचा असतो, तिकडचा आपल्यावर चढवायचा नसतो. तिकडं बहुतांशी प्रोपेन, आपल्याकडं प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, म्हणून जाळाची टोकं थोडी पिवळी दिसतील. हवेच्या खिडकीला झडप असेल तर ती टोकं तिथं बेतता येतात. पट्टीवर ‘नॅचरल गॅस’ असेल तर तसाच जोडू नका: त्याचे जेट मोठे असतात, आपला गॅस त्यातून नको तेवढा सुटतो. कोणताही ग्रिल असो, जोडणी गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या. आणि लग्नाच्या आचाऱ्याकडचा मोठ्या दाबाचा रेग्युलेटर ‘जाळ चांगला येतो’ म्हणून कुणी आणून दिला तर चहा पाजून परत पाठवा.

नळी आयएसआय खुणेची, आत तार विणलेली, नारिंगी घ्या; पाच वर्षांनी बदला. गच्चीवरच्या उन्हात त्याआधीच भेगा पडतात, तेव्हा वाकवून बघत जा. उंदीर हा दुसरा शत्रू. चरबीचा वास लागलेली नळी त्यांना आवडते. सिलिंडर उभाच ठेवा. त्याच्या गळ्याजवळ ‘C-27’ असं काही रंगवलेलं असतं. त्याचा अर्थ 2027 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याची तपासणी व्हायची आहे. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका. गळती वाटली तर 1906 हा नंबर रात्रंदिवस चालतो.

जाता जाता: 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात नागाळा पार्कातल्या एका पार्किंगमध्ये बुडालेला ग्रिल मला दाखवायला आणला होता. जाळ्या, पेटी, बर्नर सगळं धुऊन वापरात आलं. रेग्युलेटर आणि नळी मी मालकांच्या देखत भंगारात टाकली. रेग्युलेटरमध्ये पातळ पडदा असतो आणि त्याला श्वास घ्यायला सुईएवढं भोक. त्यात पंचगंगेचा गाळ गेल्यावर तो किती दाब सोडेल, याचा भरवसा नाही. मालकांना वाईट वाटलं. वाटू दे.

रस्सा मंडळाच्या पोरांनी यंदा रश्शाऐवजी बार्बेक्यू ठेवला आणि मटणाच्या चरबीनं ग्रिल पेटला. एकानं बादलीभर पाणी ओतलं, जाळ उलट पुरुषभर उडाला. करायला काय पाहिजे होतं?
– एक तरुण, शिवाजी पेठ

भावा, सगळ्यात आधी रस्सा सोडायला नको होता. पाणी चरबीखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटती चरबी उडवून देते; तुम्ही बघितला तो पुरुषभर जाळ हाच. नॉब बंद करा, सिलिंडर बंद करा, झाकण लावून लांब उभे राहा. ट्रेमधलं जळत असेल आणि हात पोचत असेल तर मीठ, खायचा सोडा किंवा कोरडी वाळू टाका. पीठ टाकू नका, पीठ स्वतः पेटतं.

पण आग लागली ती त्या रात्रीच्या चरबीनं नाही, मागच्या पार्टीच्या. खालचा ट्रे कधी काढला होता ते आठवून बघ. मटणाची चरबी गार झाली की गोठते, थर दिसत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पातळ होऊन पेटायला तयार. प्रत्येक पार्टीनंतर, ग्रिल गार झाला की ट्रे रिकामा करायचा. उन्हाळ्यात उद्यावर टाकलंत तर मुंग्या, पावसाळ्यात टाकलंत तर बुरशी आणि घुशी. चरबी मोरीत ओतू नकोस, पाइपात जाऊन गोठते. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात. बर्नरवरच्या पन्हळीसारख्या पट्ट्याही उलथन्यानं खरवडायच्या, कारण चरबी आधी त्यांच्यावरच पडते.

पाऊस सुरू व्हायच्या आधी काय करावं? ताडपत्री पुरत नाही का?
– एक वाचक, फुलेवाडी

ताडपत्रीखाली ग्रिलला घाम येतो. वरून पाऊस येत नाही, आतली ओल बाहेर जात नाही. जाळ्या आणि बर्नर काढून, पहिल्यांवर तेलाचा हात फिरवून, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवा. म्हणजे कुंभारीणबाईंचाही प्रश्न सुटला. नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ऑक्टोबरमध्ये तो बोळा आठवत नाही. ताडपत्री खालून वीतभर उघडी ठेवा आणि उघडीप पडली की काढून दुपारभर ऊन दाखवा. सिलिंडर सुटा करून ठेवा.

आमच्याकडं सासूबाई माळकरी, बाकी सगळे मटणाचे. एकाच ग्रिलवर त्यांचं पनीर आणि आमचं मटण चालेल असा काही साफ करायचा उपाय आहे का?
– एक सूनबाई, मंगळवार पेठ

साफ करून माळकऱ्याचं समाधान झालेलं मी अजून पाहिलं नाही. दुसरी जाळी करून घ्या. हे काम उद्यमनगरात खुशाल करा: मापासाठी जुनी जाळी घेऊन जा आणि 304 नंबरच्या स्टीलची सांगा. स्वस्तात मिळते म्हणून जस्ताच्या मुलाम्याची घेऊ नका, फार तापल्यावर त्या जस्ताचा धूर होतो आणि तो छातीला वाईट. नव्या जाळीच्या कडेला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं बांधा, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. चिमटाही वेगळा.

राहिल्या त्या खालच्या पट्ट्या. जाळी दोन असल्या तरी पट्ट्या त्याच आणि त्यांच्यावरून उठणारा धूरही तोच. त्या आधी पंधरा मिनिटं जाळून खरवडून घ्या, आणि सासूबाईंचं पनीर मटणाच्या नंतर नाही, आधी ठेवा.